आगोटीच्या दिवसांत रेवदंडा: पुण्याहून दोन रात्रींचा बेत

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रेवदंड्याला चाललोय असं सांगितलं की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत प्रश्न ठरलेला: "एवढ्या घामट्यात?" प्रश्न चुकीचा नाही. पुण्याचं ऊन कोरडं, सावलीत गेलं की सुटका होते. तिकडे सावलीतही कपडे अंगाला चिकटतात. तरी गेली काही वर्षं आम्ही नाताळची गर्दी टाळून याच दिवसांत जातो, कारण तेव्हा तिथे आगोट चालू असते. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. अंगणात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं वाळत असतात, ओसरीवर पांढऱ्या कांद्याच्या माळा चढतात, सुकी मासळी डब्यांत जाते, सरपण आत येतं, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात. तुमच्याकडे लक्ष द्यायला कुणालाच वेळ नसतो, आणि मला गाव असंच बघायला आवडतं.

रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेला सतरा-अठरा किलोमीटरवर, कुंडलिकेच्या मुखाशी आहे. त्याला लागून चौल, खाडीपलीकडे कोर्लई. तिन्ही मिळून दोन रात्री पुरतात. जंजिऱ्याचं पुढे सांगते.

आधी तारीख, मग खोली

बहुतेक लोक आधी खोली बघतात आणि मग सुट्टी टाकतात. इथे उलट करा. तीन गोष्टी जुळवायच्या आहेत. २६ मे ते ३१ ऑगस्ट किनाऱ्यावरची छोटी प्रवासी बोट-वाहतूक पावसाळ्यासाठी बंद राहते, म्हणजे त्यानंतर जंजिरा फक्त लांबून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी, म्हणजे ताज्या मासळीची चणचण. आणि पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येईल हे गणित डोक्यात ठेवून बसलात तर २०२५ आठवा. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत आणि पुण्यातही येऊन धडकला होता. म्हणून साधारण १५ ते २२ मे हा आठवडा धरावा. शनिवार-रविवार नको. गुरुवारी निघा, शनिवारी परत या.

आता तिथी. किनाऱ्यावरचं सगळं फिरणं भरती-ओहोटीवर अवलंबून आहे, आणि तिचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवरून होतो. जुना कोळी हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, आकडा तोच, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा सोडून द्या. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

मला हे पहिल्या खेपेला ठाऊक नव्हतं. अष्टमीच्या संध्याकाळी सहा वाजता तटाच्या बाहेरून फिरायचं म्हणून आम्ही ऐटीत निघालो. आठ पाऊण सहा. लाटा थेट तटाला धडकत होत्या आणि आम्ही चपला हातात घेऊन कोरड्या तुकड्यावर उभे. जाळं गुंडाळत बसलेल्या एका मामांनी वर न बघता विचारलं, "आज तिथी काय, ताई?" तेव्हा हा पाढा शिकले.

संध्याकाळी ओहोटी हवी असेल तर चतुर्दशी ते प्रतिपदा हे दिवस उत्तम. पाणी दुपारी अकरा-साडेबाराच्या आसपास भरतं आणि पाच ते सात या वेळात लांब जातं. हे उधाणाचे दिवस असतात, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. फिरायला पुळण रुंद मिळते. मेअखेर सूर्यास्त सातच्या पुढे होतो, त्यामुळे वेळही भरपूर.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर ताम्हिणी. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, तिथून सुतारवाडीवरून कोलाड, रोहा आणि मग कुंडलिकेच्या दक्षिण काठाने चणेरामार्गे साळाव. साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा. साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, चहा-नाश्ता धरून पाच तास. पहाटे साडेपाचला निघा. टाकी पिरंगुटलाच भरून घ्या, घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशाही आधी उतरवून ठेवा. विळ्याच्या बाजूला कारखान्यांमुळे अवजड गाड्या असतात, आणि वळणावर ओव्हरटेक करायची घाई बहुधा पुण्याचीच गाडी करते. मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर घाटात वळीव येतो. पहिल्या सरीने रस्त्यावर धूळ आणि तेलाचा जो राप निघतो त्यावर टायर घसरतात. हेही पहाटे निघायचं एक कारण.

इंधनाचा अंदाज: जाऊन-येऊन सव्वातीनशे, तिथलं फिरणं शंभरेक. लिटरला पंधरा देणारी गाडी असेल तर अठ्ठावीस-तीस लिटर.

एसटीने जाणाऱ्यांनी स्वारगेटहून अलिबाग गाठावं. अलिबाग स्टँडवरून रेवदंडा-मुरूडकडे गाड्या सुटतात, शिवाय सहाआसनी रिक्षा आहेत. आगगाडीचं मात्र मनावर घेऊ नका. पनवेलला बदलून रोह्याला उतरायचं आणि तिथून परत रस्ता, दोन रात्रींसाठी एवढा उपद्व्याप परवडत नाही.

राहायचं कुठे

घरगुती. रेवदंडा आणि चौलमध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांत लोक दोन-तीन खोल्या काढून देतात. फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारा: वीज गेली तर पंख्याला इन्व्हर्टर आहे का, पाणी गोडं की मचूळ, जेवण घरात होतं की बाहेरून येतं, आणि खोलीवर कौलं आहेत की पत्रा. मेमध्ये पत्र्याखाली दुपार काढणं ही शिक्षा आहे, वर एसी असला तरी. मच्छरदाणी मागून घ्या. वाडीत ओलावा असतो, संध्याकाळी डास तुटून पडतात.

जेवण आदल्या दिवशी सांगायचं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी, मासळी जे मिळेल ते. जिताडा (खाडीतला मासा) मिळतोय असं कळलं तर बाकी बेत रद्द करून तो खावा. पोपटीची, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची, चौकशी करू नका, ती हिवाळ्यातली.

पहिली संध्याकाळ: तटाच्या आतलं गाव

रेवदंड्याची गंमत अशी की किल्ला बघायला वेगळं जावंच लागत नाही. रस्ताच तटबंदी फोडून आत शिरतो आणि गावाचा बराच भाग पोर्तुगीजांच्या भिंतीच्या आत नांदतो. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये त्यांनी इथे कोट बांधायला घेतला आणि सव्वादोनशे वर्षांच्या आसपास ते टिकले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर उत्तर कोकणातला त्यांचा जोर मोडला आणि १७४० च्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

साडेचारनंतर बाहेर पडा. आधी सातखणी. फ्रान्सिस्कन चर्चचा हा मनोरा एके काळी सात मजल्यांचा होता, आता चारेक मजले उभे आहेत. भोवती माड, पायाशी करवंदीच्या जाळ्या, आणि मधूनच वाडीत पाणी सोडल्याचा आवाज. वर चढायच्या भानगडीत पडू नये, दगड सुटे आहेत. इतर चर्चच्या आणि मठांच्या भिंती वाड्यांमध्ये विखुरलेल्या सापडतात. बऱ्याच जागा खाजगी वाडीत आहेत, तेव्हा आत शिरण्याआधी हाक मारायची. "काकी, आत येऊन बघू का?" एवढं पुरतं. आम्हाला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट एकदा शहाळं मिळालं.

मग तटाच्या बाहेरून, समुद्राच्या अंगाने. वाळू काळसर आहे, फोटोत गोव्यासारखी दिसणार नाही. ओहोटीला तटाच्या पायाशी चालत गेलात की दगडांमधला चुना हाताला लागतो आणि काही ठिकाणी वडाच्या मुळांनीच भिंत धरून ठेवलेली दिसते. पोहायचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे: मेअखेर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. वारा फिरलेला असतो, समुद्र खवळायला लागलेला असतो आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. गाडी वाळूवर नेऊ नका. दर आठवड्याला एक तरी गाडी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते, असं चहावाल्याने मोठ्या समाधानाने सांगितलं.

गावात दोन गोष्टी चुकून राहून जातात. एक, बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ). शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटला गेलेला हा समाज याच किनाऱ्यावर वाढला. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं इथल्याच गावांवरून पडली. पुण्यातलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, बाहेरून पाहून पुढे गेलेल्यांनी इथे थोडं थांबावं. दुसरी, शाळेच्या आवारातलं अफनासी निकितिनचं स्मारक. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या आधी, एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला. इथून पालीवरून घाट चढून तो जुन्नरला गेला, तिथे पावसाने त्याला गाठलं आणि तिथल्या अधिकाऱ्याने घोडा काढून घेतला. घोडा परत मिळाला, पण चिखलाची तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, फाटकाशी कुणी असेल तर विनंती करून बघा.

दुसरा दिवस: पहाट कोर्लईची, दुपार पाटावरची

सहाला उजाडतं. साडेपाचला उठून साळावचा पूल ओलांडा, कोर्लई गावातून दीपगृहाकडे जा. कोळीवाड्यातला रस्ता इतका अरुंद की समोरून टेम्पो आला तर कुणाच्या तरी अंगणात गाडी घालावी लागते. आरसे आधीच मिटून घ्या. दीपगृहापाशी गाडी ठेवून मागच्या वाटेने चढायचं. डोंगर फार उंच नाही, पाऊण तासात आरामात वर. पण सातनंतर ऊन पाठीवर बसतं आणि वर सावली नाही. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, आणि चपला नकोत, बूट.

वर गेलं की किल्ल्याचा आकार कळतो: खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये घुसलेली एक लांब, चिंचोळी सोंड, तिच्यावर एकामागून एक दरवाजे. पोर्तुगीज याला नुसतं 'मोरो' म्हणायचे, म्हणजे टेकाड. १५९४ मध्ये त्यांनी तो निजामशाहीकडून घेतला. समोर कुंडलिकेचं मुख दिसतं. याच पाण्यात १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. आम्ही गेलो तेव्हा तिथे तीन होड्या, एक बगळा आणि मोबाइलवर मोठ्याने गाणं लावलेला एक मुलगा होता.

उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. खालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी संकरातून झालेली एक बोली अजून बोलली जाते. तिचे बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची बोली. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, ही मात्र राहिली, आणि बोलणारे हजाराच्या आसपास. "बोलून दाखवा ना" असं म्हणून मोबाइल पुढे धरणारे पर्यटक मी पाहिलेत, फार ओशाळवाणं वाटतं. दुकानात चहा घ्या, गप्प बसा, कानावर पडेल ते ऐका.

साडेनऊपर्यंत खोलीवर परत. नाश्त्याला घावन. आणि मग दुपारी चारपर्यंत काहीही करायचं नाही. हा या बेताचा गाभा आहे. पुण्याचा माणूस दोन दिवसांत सात ठिकाणं बसवतो आणि दुपारी दोनला घामाने थबथबून बायकामुलांवर ओरडतो. त्याऐवजी ओटीवर बसा.

आम्ही उतरतो त्या घरच्या काकू त्या वेळी रातांबे फोडत असतात. लालबुंद फळ, विळीवर दोन वाट्या करायच्या, गर आणि बिया एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, सुपात पसरून उन्हात टाकायची, सुकली की परत रसात, परत उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळं आणि आंबट. बिया वेगळ्या वाळतात, त्यांचं तेल थिजवून पावसात भेगाळलेल्या टाचांना लावायचं. मी पहिल्यांदा मदतीला बसले तेव्हा हातमोजे मागितले. काकू हसल्या. "दोन दिवस हात लाल राहतील, तेवढंच. नवऱ्याला सांगा मेंदी काढली." चार दिवस राहिले.

चौल

चारनंतर चौल. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी प्रवासग्रंथातलं 'सेमिल्ला' ते हेच, कान्हेरीच्या लेण्यांत दान दिलेल्यांमध्येही इथले लोक आहेत. तीनशे साठ देवळं आणि तितकीच तळी होती असं इथे प्रत्येक जण सांगतो. आकड्यावर वाद नको, पण वाडीवाडीत तळं आहे हे खरं.

रामेश्वराचं देऊळ आधी बघा. समोर पुष्करिणी, आत लाकडी खांबांचा सभामंडप, आणि जमिनीत बंद केलेली कुंडं. त्यातलं पर्जन्यकुंड पाऊस फार लांबला की उघडायची जुनी रीत. आगोटीच्या दिवसांत त्या फरशीकडे बघताना मला उगाच हवामान खात्याची आठवण येते. अंगात जोर असेल तर भोवाळ्याच्या डोंगरावरचा दत्त. शेकडो पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून ठरवा. वरून माडांच्या शेंड्यांचा हिरवा सपाट पट्टा आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. आम्ही दोनदा गेलो, तिसऱ्यांदा सासूबाई बरोबर होत्या म्हणून खालीच ताडगोळे खात बसलो. तेही वाईट नव्हतं.

जंजिरा हवाच असेल तर

मुलं बरोबर असली तर टळत नाही. रेवदंड्याहून मुरूड पस्तीसेक किलोमीटर, काशीदवरून, तासभर तरी लागतो. तो तिसऱ्या दिवशी सकाळी करा, आणि राजपुरी बंदरावर सकाळी लवकरात लवकर पोहोचा. शिडाच्या होडीने नेतात. या दिवसांत पाणी हलतं असतं आणि होडीतून दरवाज्याच्या पायरीवर पाऊल टाकणं गुडघेदुखी असलेल्यांना अवघड जातं. आदल्या रात्रीच मुरूडला फोन करून होड्या चालू आहेत का ते विचारा. सोसाट्याचा वारा असला तर मुदतीआधीही बंद ठेवतात. आत वेळ मोजून देतात, म्हणून आधी कलालबांगडी तोफ, मग वरचा तट, मग तळं. फोटो उतरताना. परतताना मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग दिसतो, महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर बांधलेला.

नसेल जायचं तर तिसरी सकाळ बाजाराला द्या. मी तेच करते.

आगोटीची खरेदी

पांढरा कांदा: अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि म्हणूनच रस्त्यावर त्याच्या नावाने काहीही विकतात. खरा कांदा बेताच्या आकाराचा, चपटसर, चवीला गोड, आणि वेणीत गुंफलेला. वेणीचा पेंढा हातात कुरकुरला पाहिजे. ओलसर लागला तर पुण्यात आठवड्यात कुजेल.

सोडे: सोललेली, सुकवलेली कोळंबी. भडक नारिंगी घेऊ नका, फिकट गुलाबीसर घ्या. दोन बोटांत मोडून बघा, कडकन तुटला पाहिजे. वास समुद्राचा यावा, डोळ्यांत झोंबणारा नको. सुकट आणि बोंबीलही तसेच पारखायचे, तळाशी वाळू किती आहे तेही बघा.

आमसुलं आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घरातूनच घ्या. आंबा घ्यायचा तर पाऊस पडण्यापूर्वीचा, पहिल्या सरीनंतर आत अळी निघण्याची धास्ती. फणस घेताना आपल्याला बरका हवा की कापा हे आधी ठरवा, घरी येऊन त्यावरून वाद होतात.

सगळ्यात महत्त्वाचं: सुकी मासळी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा घरूनच न्यायचा. आम्ही एकदा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर भागवलं आणि गाडी पेणला उन्हात तासभर उभी केली. गणपती येईपर्यंत त्या गाडीत कुणी पाहुणा बसला नाही.

परतीची वाट

परतताना अलिबाग, वडखळ, पेण, खोपोली. पेणला थांबायचं कारण गणपती. मेमध्ये तिथल्या कारखान्यांत काम जोरात असतं: रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने, कोपऱ्यात नुसते हात वाळत घातलेले. विचारून आत जा, मूर्तींना हात लावू नका. पोह्याचे पापड इथेच घ्या. गाडी सावलीत लावा, का ते वर सांगितलंच आहे. अलिबाग ते वडखळ रविवारी संध्याकाळी अक्षरशः तुंबतं, शनिवारी दुपारी एकच्या आत वडखळ मागे पडलं तर चहाला घरी.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात सोडे आणि आमसुलं गच्चीवर एक कडक ऊन दाखवून बरणीत भरा. वर फडकं बांधा, कावळे टपलेले असतात. आणि पश्चिमेकडे ढग दिसले तर पावसाची वाट न बघता आधी सुपं आत घ्या.